स्वस्त ‘दणकट’ फोन आणि शेतकऱ्याचा खिसा

पीक घरांत येऊन चार पैसे गांठीस लागले कीं शेतकऱ्याच्या दाराशीं नव्या वस्तूंची जाहिरात घेऊन येणारांची रीघ लागते, हा अनुभव नवा नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढीपुढें लोखंडी नांगर व तेलाचें इंजिन आलें; वडिलांच्या पिढीपुढें विजेचा पंप व फवारणीचीं यंत्रें आलीं; आमच्यापुढें अलीकडे ‘दणकट’ म्हणून विकले जाणारे मोबाईल फोन येऊं लागले आहेत. जाड रबराची चौकट, चारी कोपऱ्यांस स्क्रू, पाठीवर लख्ख बत्ती, पाण्याच्या बादलींत बुडविलेलें चित्र आणि वर ‘लष्करी कसोटीस उतरलेला’ असा शिक्का, असें ह्यांचें साधारण रूप असतें. किंमतहि पंधरा हजारांच्या अलीकडे-पलीकडे सांगितली जाते. मंडळाच्या सभासदांपैकीं पुष्कळांनीं ह्या वस्तूविषयीं प्रस्तुत लेखकास विचारलें, आणि लेखकानें तसा एक फोन स्वतः विकत घेऊन चौदा महिने द्राक्षाच्या बागेंत वापरला असल्यानें ह्या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

आरंभींच आमचें मत सांगून टाकतों, म्हणजे वाचकांस शेवटपर्यंत ताटकळत राहावें लागणार नाहीं. दणकटपणाची गरज खरी आहे. पण स्वस्त दणकट फोन म्हणून जें विकलें जातें, त्यांतील बहुतेक दणकटपणा हा कवचाचा आहे, यंत्राचा नाहीं. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर जें तालुक्याच्या गांवीं दुरुस्त होत नाहीं, तें कितीहि जाड असलें तरी दणकट म्हणतां येत नाहीं. हें मत कशावरून बनलें तें आतां क्रमानें मांडतों.

प्रथम फोनाचें शेतांतील काम काय, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. आज फोन ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून, छायाचित्र काढून करावयाची झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ हें साधन विजा कोसळण्याची सूचना आगाऊ देतें. ती सूचना घरीं ठेवलेल्या फोनावर येऊन उपयोग नाहीं, ती झाडाखालीं उभ्या असलेल्या माणसाच्या खिशांत यावयास हवी. रात्री-अपरात्रीं येणाऱ्या विजेवर विहिरीवरचा पंप घरून चालू करण्याचें स्टार्टर फोनावरच चालतें. बाजारभाव, बँकेचा व्यवहार, अनुदानाचे संदेश हें सर्व त्यांतच आलें. अर्थात् हंगामाच्या ऐन भरांत फोन बंद पडला तर केवळ संभाषण थांबत नाहीं, काम थांबतें. म्हणून तो ऊन, धूळ, चिखल व औषध सोसणारा असावा ही अपेक्षा रास्त आहे. प्रश्न एवढाच कीं, जाहिरातींतील शब्द ती अपेक्षा कितपत पुरी करतात.

ह्या जाहिरातींत ‘आय. पी. ६८’ किंवा ‘आय. पी. ६९’ असे अंक ठळक छापलेले असतात. ह्या अंकांचा अर्थ विक्रेत्यास क्वचितच सांगतां येतो, म्हणून तो येथें देतों. आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकांत ही पद्धति ठरविलेली आहे. पहिला अंक धुळीचा. तो ५ असेल तर थोडी धूळ आंत गेली तरी यंत्राचें काम अडत नाहीं, आणि ६ असेल तर धूळ मुळींच आंत जात नाहीं, असें समजावें. दुसरा अंक पाण्याचा. ५ व ६ हे अंक नळीच्या धारेसंबंधीं आहेत. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कठीण अशी कसोटी, पण ती किती खोल व किती वेळ हें कारखानदारानेंच ठरवून सांगावयाचें असतें. ९ म्हणजे जोरदार दाबाच्या कढत पाण्याचे फवारे. येथें एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षांत येत नाहीं. बुडविण्याची कसोटी आणि धारेची कसोटी ह्या निराळ्या आहेत. ज्यावर केवळ ६८ छापलें आहे तो फोन बादलींत तरेल, पण ट्रॅक्टर धुतांना त्यावर पंपाची धार पडली तर काय होईल ह्याविषयीं तो अंक कांहींच बोलत नाहीं. धुण्याशीं व फवारणीशीं ज्यांचा रोज संबंध येतो त्यांनीं ६८ च्या जोडीस ६५, ६६ किंवा ६९ असा अंक छापलेला आहे कीं नाहीं तें पाहावें.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ह्या सर्व कसोट्या स्वच्छ, गोड्या पाण्यावर आणि कोऱ्या यंत्रावर घेतलेल्या असतात. धुळीच्या कसोटींत जी भुकटी वापरतात ती शंखजिऱ्याची असते. आपल्या शेतांत गोडें पाणी व शंखजिऱ्याची भुकटी नसते. तेथें काळ्या मातीचा चिकट चिखल असतो, गोठ्यांतील मूत्र असतें, विद्राव्य खतांचें खारट पाणी असतें, आणि द्राक्षबागेंत तर बोर्डो मिश्रण असतें. मोरचूद लोखंडी बादलींत भिजवूं नये हें कोणत्याहि बागायतदारास सांगावयास नको. शंभर लिटर पाण्यांत एक किलो मोरचूद व एक किलो चुना घालून मिश्रण केल्यावर आपण त्यांत लोखंडी विळा बुडवून पाहतों, आणि त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असें समजतों. जें द्रव्य विळ्यावर आपली खूण सोडतें, तें फोनाच्या चार्जिंगच्या तोंडांतील केसासारख्या बारीक पितळी पट्ट्यांना काय करील ह्याची कल्पना वाचकांनीं करावी. मिश्रण बरोबर झालें असलें तरी त्याचा वाळलेला थर त्या तोंडांत राहिला, त्यावर सकाळच्या दंवाची ओल चढली आणि त्यांतून वीज वाहूं लागली कीं धातु खाल्ला जाऊं लागतो. ह्या गोष्टीची कसोटी कोणत्याहि अंकांत येत नाहीं.

लेखकाच्या फोनाचें नेमकें हेंच झालें. चार्जिंगच्या तोंडावर रबरी बूच होतें आणि पाण्यापासूनचें संरक्षण बरेंचसें त्या बुचावर अवलंबून होतें. रोज एकदां उघडावें, एकदां लावावें, असें वर्षभर केल्यावर तें सैल झालें, आणि एका बाजूनें फाटलें. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या संपतां संपतां आंतील पट्ट्यांवर हिरवट थर दिसूं लागला, आणि चार्जर हलवून हलवून धरल्याशिवाय वीज जाईना. फोनाची काच शाबूत, चौकट शाबूत, स्क्रूहि शाबूत. बंद पडलें तें दोन रुपयांच्या रबरामुळें. विक्रेत्याकडे विचारणा केली तेव्हां ‘पाण्यानें झालेली हानि हमींत येत नाहीं’ हें वाक्य हमीपत्राच्या बारीक अक्षरांत दाखविण्यांत आलें. ज्या गुणाबद्दल फोन विकला त्याच गुणाबद्दल हमी नाहीं, ही गोष्ट आम्हांस चमत्कारिक वाटली. पुढें इतर कंपन्यांचीं हमीपत्रें चाळतां ती बहुतेकांच्या बाबतींत खरी असल्याचें दिसून आलें. खरेदीपूर्वी हमीपत्राचें तेवढें एक कलम वाचावें, ही आमची पहिली सूचना.

आतां ‘लष्करी कसोटी’ ह्या शब्दांकडे वळूं. ह्यांत खोटें कांहीं नसतें, परंतु अर्धेंच खरें असतें. अमेरिकन संरक्षण खात्याचें ८१० क्रमांकाचें मानक १९६२ सालापासून चालत आलें आहे. २०१९ सालीं त्याची ‘एच’ ही आवृत्ति निघाली. हें मानक म्हणजे उष्णता, थंडी, दमटपणा, हादरे, पडणें इत्यादि अनेक कसोट्यांचा संग्रह होय. त्यांतील कोणत्या कसोट्या घ्यावयाच्या हें घेणारा ठरवितो. अमेरिकेचें लष्कर कोणाहि फोनवाल्यास प्रमाणपत्र देत नाहीं. दहा विषयांच्या परीक्षेंत दोन विषयांस बसून ‘परीक्षा दिली’ असें सांगण्यासारखाच हा प्रकार कधीं कधीं असतो. पडण्याच्या नेहमींच्या कसोटींत यंत्र १२२ सेंटिमीटर उंचीवरून २६ वेळां टाकतात. पण तें दोन इंच जाडीच्या लाकडी फळीवर पडतें, आणि हे २६ आघात पांच नगांपर्यंत वांटून घेण्याची मुभा असते. आपला फोन ट्रॅक्टरच्या आसनावरून पडतो तेव्हां खालीं फळी नसते, बांधावरचा दगड असतो.

पडण्याच्या बाबतींत आणखी एक साधी गोष्ट आहे. पडणाऱ्या वस्तूचा आघात तिच्या वजनाच्या प्रमाणांत वाढतो. नेहमींचा फोन सुमारें दोनशें ग्रॅम भरतो. स्वस्त दणकट फोन मोठ्या बॅटरीमुळें व जाड चौकटीमुळें चारशें ग्रॅमांच्या पुढें जातो. म्हणजे त्याच उंचीवरून तो पडला तर दुप्पट जोरानें आदळतो, आणि त्या जाड रबराचा बराचसा भाग स्वतःच्याच वजनाचा मार सोसण्यांत खर्ची पडतो. शिवाय असा जड फोन सदऱ्याच्या वरच्या खिशांत राहत नाहीं. ठिबकची नळी पाहावयास वांकलें कीं तो पाटांत जातो, विहिरीवर डोकावलें कीं विहिरींत. हलका फोन मुळांत पडतच कमी, हा विचार जाहिरातींत कोठें आढळत नाहीं.

बॅटरीच्या मोठेपणाचें पुष्कळांस आकर्षण असतें, आणि तें अगदींच निराधार नाहीं. दहा हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी साधारण वापरांत तीन दिवसहि जाते. पण भरावयास किती वेळ लागतो ह्याचा हिशेब कोणी करीत नाहीं. ह्या बॅटरींत सुमारें ३८ वॅट-तास वीज मावते. स्वस्त फोनाबरोबर दहा वॅटचा चार्जर येत असेल तर वाटेंतील घट धरून ती भरण्यास चार-साडेचार तासांहून कमी लागणार नाहींत. ज्या वस्तीवर वीज दिवसाकाठीं थोडाच वेळ टिकते तेथें ती पूर्ण कधींच भरत नाहीं, आणि अर्धी भरलेली मोठी बॅटरी ही पूर्ण भरलेल्या लहान बॅटरीइतकीच कामाची. त्यापेक्षां जिची बॅटरी हातानें काढून दुसरी बसवितां येते अशी रचना अधिक उपयोगाची. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग कंपनीचा ‘एक्सकव्हर-७’ हा फोन ह्या रचनेचा आहे. पण २०२४ च्या फेब्रुवारींत तो आपल्या देशांत आला तेव्हां त्याची किंमत सत्तावीस हजारांच्या पुढें होती. स्वस्त फोनांत ही सोय क्वचितच असते.

ऊन हा तर आपल्याकडील सर्वांत मोठा शत्रु. चंद्रपूर, नागपूर, अकोला ह्या बाजूस वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कित्येक नामांकित कंपन्या आपल्या पुस्तिकेंत ३५ अंशांपर्यंतच्या हवेंत फोन वापरावा असें सांगतात. लिथियमच्या बॅटरीस उष्णतेंत भरलें तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें, म्हणून चांगला फोन ४५ अंशांच्या सुमारास तापला कीं आपण होऊन भरणें थांबवितो, आणि पडद्याचा उजेडहि कमी करतो. आंतील उष्णता बाहेर टाकण्यास धातूची पातळ पाठ जितकी उपयोगी, तितकें जाड रबर नाहीं. शिवाय स्वस्त फोनांचा पडदा मुळांतच मंद असतो. भर दुपारच्या उन्हांत त्यावर स्वतःचें तोंड तेवढें दिसतें, अक्षर दिसत नाहीं. ई-पीक पाहणीच्या वेळीं गटक्रमांक चुकीचा नोंदला गेला तर दोष शेतकऱ्याच्या माथीं येतो. पण कित्येकदां दोष त्या मंद पडद्याचा असतो. म्हणून फोन दुकानाच्या सावलींत न पाहतां दाराबाहेर उन्हांत नेऊन पाहावा. दुकानदार त्यास हरकत घेऊं लागला तर तेवढ्यावरूनच काय समजावयाचें तें समजावें.

ह्यानंतरची गोष्ट डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून ती अधिक घातक. शेत गांवापासून दूर, टॉवर त्याहून दूर. अशा ठिकाणीं कमी कंपनसंख्येच्या लहरीच लांब पोंचतात. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओ कंपनीची सेवा सुरू झाली ती प्रथमपासून चौथ्या पिढीचीच; तिच्यांत जुन्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा मार्ग नाहीं, आणि बोलणेंहि त्याच मार्गानें होतें. तिचा ८५० मेगाहर्ट्झचा, म्हणजे पांच क्रमांकाचा, पट्टा खेड्यापाड्यांत उपयोगी पडतो. पांचव्या पिढीसाठीं तिनें २०२२ च्या लिलांवांत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला. एअरटेलचा ९०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे आठ क्रमांकाचा, पट्टा आहे. चीनमधील शेन्झेन शहरांतून जगभर जाणारे पुष्कळ स्वस्त दणकट फोन युरोपच्या पट्ट्यांसाठीं केलेले असतात. त्यांत आपल्या उपयोगाचा एखादा पट्टा नसतो. असा फोन बाजारपेठेंत उत्तम चालतो आणि शिवारांत मुका होतो. तेव्हां कागदावर कोणते पट्टे लिहिले आहेत तें पाहावें; आणि त्याहून सोपें म्हणजे, शेजाऱ्यानें तसा फोन घेतला असल्यास आपलें सिम घालून आपल्याच शेताच्या टोकाशीं उभें राहून बोलून पाहावें.

आतां पैशांच्या सुरक्षिततेविषयीं दोन शब्द. पूर्वी पैसा पेटींत असे, आतां तो फोनाच्या आड असतो. किसान सन्मान निधीच्या नांवाचीं खोटीं साधनें संदेशांतून पाठवून खातीं रिकामीं करण्याचे प्रकार घडलेले आहेत. फोनांतील आज्ञावलींतील छिद्रें वेळोवेळीं बुजवावीं लागतात, आणि हें काम ज्या कंपनीनें फोन केला तिनें करावयाचें असतें. स्वस्त दणकट फोनांच्या बाबतींत ही जबाबदारी घेणारा पुष्कळदां कोणीच नसतो. मोठें नांवहि ह्या बाबतींत पुरें पडत नाहीं. इंग्लंडांतील रेडिंग येथील बुलिट ग्रुप ही कंपनी कॅटरपिलरच्या नांवाचे दणकट फोन कित्येक वर्षें काढीत होती. २०१६ सालचा तिचा ‘एस-६०’ हा फोन उष्णता दाखविणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल गाजला होता. तीच कंपनी २०२४ च्या आरंभीं बुडाली. तिचे फोन पडून फुटले नसतील, पण त्यांची काळजी वाहणारें घर मात्र बंद झालें. ज्यांस अशा फसवणुकीचा अनुभव येईल त्यांनीं विलंब न लावतां १९३० ह्या क्रमांकावर कळवावें. पण मूळ उपाय असा कीं, ज्या फोनांत बँकेचा व्यवहार आहे त्याला सुधारणा किती वर्षें मिळणार हें घेतांनाच विचारावें.

येथवर जें लिहिलें त्या सर्वांचें सार दुरुस्तींत आहे. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर तेवढा फाळ बदलतां येतो, सबंध नांगर टाकून द्यावा लागत नाहीं. नांगर दणकट ठरला तो ह्या गुणानें. लेखकाच्या फोनाचें रबरी बूच तालुक्याच्या गांवीं मिळालें नाहीं, जिल्ह्याच्या गांवीं मिळालें नाहीं, आणि टपालानें दूरच्या शहरीं फोन पाठवावा तर तीन आठवडे लागतील असें उत्तर आलें. शेजारच्या साध्या फोनाचें तेंच तोंड तालुक्याच्या कारागिरानें अर्ध्या तासांत बदलून दिलें. दणकट फोनाची पाठ चिकटविलेली व स्क्रूंनीं आंवळलेली असते. एकदां उघडली कीं तिचा पाण्यापासूनचा बंदोबस्त पूर्ववत् बसेलच असें नाहीं, म्हणून स्थानिक कारागीर त्याला हात लावण्यास कचरतो. युरोपियन संघानें २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला आहे कीं, फोनांचे महत्त्वाचे सुटे भाग विक्री बंद झाल्यावरहि सात वर्षें मिळाले पाहिजेत, आणि आज्ञावलीच्या सुधारणा निदान पांच वर्षें दिल्या पाहिजेत. आपल्या केंद्र सरकारनें २०२२ च्या जुलईंत ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठीं समिति नेमली, तेव्हां जीं चार क्षेत्रें निवडलीं त्यांत शेतीचीं अवजारें आणि मोबाईल फोन हीं दोन्ही होतीं. २०२५ सालीं दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक सुचविणारा अहवालहि सादर झाला. फोन व अवजार ह्या दोहोंचा प्रश्न एकच आहे हें सरकारास दिसलें. तें आपल्यास आधीं दिसावयास हवें होतें.

दुसरी बाजू न मांडणें अन्यायाचें होईल. लेखकाचा फोन एकदां पाण्याच्या टाक्यांत पडला आणि दहा मिनिटांनीं काढल्यावर पूर्ववत् चालूं लागला. साधा फोन असता तर तो त्याच दिवशीं गेला असता. ज्यांचें कामच पाण्यांत किंवा धुळींत आहे, म्हणजे भातलावणी करणारे, शेततळ्यांत मासे पाळणारे, मळणीयंत्रावर बसणारे, विंधनविहिरीच्या गाडीवर राबणारे, त्यांस दणकट फोनाचा खरा उपयोग आहे. त्यांनीं तो अवश्य घ्यावा. मात्र ज्याचा सुटा भाग जिल्ह्याच्या गांवीं मिळतो अशाच कंपनीचा घ्यावा, आणि चार पैसे अधिक द्यावे. आमचा आक्षेप दणकटपणास नाहीं. स्वस्ताईच्या आड लपलेल्या महागाईस आहे. पंधरा हजारांचा फोन चौदा महिन्यांत गेला तर तो महिन्यास हजारांहून अधिक पडला. त्याच पैशांत साधा चांगला फोन तीन वर्षें चालला तर महिन्यास चारशें-साडेचारशें पडतात. हा हिशेब बैल घेतांना आपण करतों, फोन घेतांना करीत नाहीं.

मग सामान्य बागायतदारानें काय करावें? आमच्या मतें दोन फोनांची व्यवस्था सर्वांत सोयीची. बँकेचा व्यवहार, पीक पाहणी व कागदपत्रें ह्यांसाठीं नामांकित कंपनीचा साधा फोन, चांगल्या रबरी कवचासह. आतां साध्या फोनांतहि पाणी-धुळीच्या बंदोबस्ताचे अंक छापलेले मिळूं लागले आहेत, ते पाहून घ्यावा. आणि फवारणी, पाणी धरणें, रात्रीची राखण ह्यांसाठीं दीड-दोन हजारांचा बटणांचा फोन. ओल्या किंवा मातकट बोटांनीं काचेवर कांहीं उमटत नाहीं, बटण मात्र दबतें. तो पाटांत गेला तरी त्यांत बँकेचें खातें नसतें. फवारणीच्या दिवशीं मोठा फोन बरोबर नेणें भागच असेल तर तो झिपच्या प्लास्टिक पिशवींत घालून न्यावा, संध्याकाळीं ओल्या फडक्यानें पुसावा, आणि चार्जिंगचें तोंड पूर्ण कोरडें झाल्याशिवाय चार्जर लावूं नये. औषधाचे हात लागलेला फोन तसाच लेंकरांच्या हातांत देऊं नये, हें तर सांगणेंहि नको. तरी सांगतों, कारण तें आपण रोज करतों.

दणकट फोन घ्यावयाचाच असें ज्यांनीं ठरविलें असेल त्यांनीं एवढ्या गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे मोजूं नयेत. डब्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी असावी. चांदणी-चौकट-शून्य-सहा-चौकट हीं बटणें दाबून येणारा पंधरा अंकी क्रमांक डब्यावरील क्रमांकाशीं जुळावा. इंग्रजी ‘के-वाय-एम’ हीं अक्षरें व तो क्रमांक १४४२२ वर संदेशानें पाठविला तर तो फोन नोंदलेला आहे कीं नाहीं हें कळतें. प्ले स्टोअरमध्यें उपकरण प्रमाणित असल्याचा शेरा दिसावा. पडदा उन्हांत वाचतां यावा. आपल्या शिवारांत आवाज पोंचावा. रबरी बुचाची एक जोडी जादा मिळावी, निदान ती कोठें मिळेल हें पावतीवर लिहून मिळावें. आणि शेवटीं, पाण्यानें बिघडला तर दुरुस्त करून देऊं, हें विक्रेत्यानें सही करून द्यावें. ह्यांतील शेवटच्या अटीवर बहुतेक व्यवहार मोडेल. मोडूं द्यावा.

मंडळाच्या चालकांसहि एक विनंति आहे. एकेकट्या शेतकऱ्यानें पंधरा हजार गुंतवून प्रयोग करावा हें बरोबर नव्हे. बियाण्याची नवी जात आपण प्रथम प्रयोगाच्या वाफ्यांत लावतों, सर्व शिवारांत पेरीत नाहीं. तसाच मंडळानें एखादा फोन सामायिक निधींतून घेऊन भात, ऊस व द्राक्ष अशा निरनिराळ्या सभासदांस एकेक हंगाम वापरावयास द्यावा, आणि त्याचा वृत्तान्त ह्या मासिकांत छापावा. विक्रेत्यांनाहि सुटे भाग तालुक्यास ठेवल्याखेरीज मंडळाची शिफारस मिळणार नाहीं, असें एकमुखानें सांगतां येईल. एका गिऱ्हाईकाचें न ऐकणारा विक्रेता पांचशें गिऱ्हाइकांचें ऐकतो.

मिश्रण बरोबर झालें कीं नाहीं हें आपण विकणाराच्या शब्दावर सोडीत नाहीं. विळा बुडवून स्वतः पाहतों. फोनाच्या बाबतींत तेवढीच सवय आपण लावून घेतली, तर हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.